चारातली एक

आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, स्टीलची थाळी. मूल दीड वर्षाचं होतं, हाक मारली तरी बघत नाही, घरात कुजबुज सुरू होते. मग कुणीतरी स्वयंपाकघरातून थाळी आणि उलथनं घेऊन येतं, मुलाच्या मागे उभं राहून बडवतं आणि मूल वळतं. झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात. ऐकतोय की चांगला, उगाच शंका काढता! अहो, तो आवाजाला नाही वळत. हात हलला की वारा लागतो, सावली पडते, फरशी थरथरते. शिवाय समोर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळतं. ज्यांना ऐकू येत नाही ती पोरं बाकीच्या बाबतीत महाबिलंदर असतात. त्या थाळीने किती मुलांची शिकायची वर्षं खाल्ली, ते आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

मी ऑडिओलॉजिस्ट. ठाण्याला वर्तकनगरमध्ये माझा दवाखाना होता. पाटीवर हा शब्द चांगला ठळक रंगवून घेतला होता, तरी शेवटपर्यंत लोकांनी मला 'कानाच्या मशीनवाल्या बाई' असंच म्हटलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानात बॅटरी मारून बघतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. आम्ही कानाला किती ऐकू येतं ते मोजतो, मशीन बसवतो आणि मूल लहान असेल तर त्याला ऐकायला आणि बोलायला शिकवतो. हे शेवटचं काम फार चिवट असतं. मला तेच आवडायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. आमच्याच कॉलनीतल्या एका निवृत्त जोडप्याने दोघांत मिळून एकच मशीन घेतलं होतं. सकाळी पेपर वाचताना आणि फोनसाठी आजोबा घालत, दुपारी मालिकेच्या वेळेला आजी. चष्मा नाही का आम्ही दोघांत चालवत, असं मलाच वर ऐकवलं. अडचण एकच होती. दोघांना एकमेकांशी बोलायचं असलं की एकाने मशीन घातलं तर दुसऱ्याला काही ऐकू येत नसे. मग आजी मशीन काढून आजोबांना द्यायच्या आणि बोलायच्या, आजोबा ते परत त्यांच्या हातात ठेवून उत्तर द्यायचे. आजोबा गेले तेव्हा आजी मशीन परत करायला आल्या. आता दिवसभर माझ्याकडेच असतं, करायचं काय त्याचं, म्हणाल्या. मी ते परत घेतलं नाही. त्यांना चहा करून दिला.

पण मला लिहायचंय ते कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका घराबद्दल. माझ्या सगळ्या कामात इतकं मनात राहिलेलं दुसरं घर नाही.

लहान मुलांची ऐकण्याची तपासणी आम्ही मूल झोपलेलं असताना करतो. डोक्याला तीन-चार तारा चिकटवायच्या, कानात टिकटिक आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतोय का ते पडद्यावर बघायचं. मूल गाढ झोपायला हवं, म्हणून आदल्या रात्रीपासून त्याला जागं ठेवा, असं आम्ही बजावून सांगतो. ठाण्यातल्या आयांना हे जमतं. मोहने-शहाडकडून येणाऱ्यांचं मूल हमखास वाटेत झोपायचं आणि दवाखान्यात पाय ठेवला की टक्क जागं! जुईला आणलं तेव्हा मात्र ती डोळे चोळत, चिडचिडलेली आणि जागी होती. तिच्या मावशीने, रेखाने, सगळ्या वाटभर तिला गुदगुल्या करून आणि पाण्याचा हात फिरवून जागं ठेवलं होतं. मला रेखा तेव्हाच आवडली.

सोबत मोठा गोतावळा होता. जुईचे आई-वडील सुप्रिया आणि संदेश, आजी वत्सलाबाई, मावशी रेखा आणि संदेशचा धाकटा भाऊ प्रकाश. जुई दोन वर्षांची होती. संदेश स्वतः उशिरा बोलायला लागला होता, म्हणून घरात कुणी घाई केली नव्हती. वेखंड मधात उगाळून चाटवून झालं होतं. थाळी वाजवून झालीच होती.

जुई झोपल्यावर खोलीत मी, सुप्रिया आणि रेखा. मी आवाज वाढवत वाढवत शेवटच्या टोकापर्यंत नेला. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. दोन्ही कानांची तीच गत. बाहेर येऊन मी सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं. आडवळणाने सांगितलं की लोक आडवळणाचाच अर्थ काढतात, हे मी फार आधी शिकले होते. सुप्रिया रडली नाही. ती नुसती जुईच्या पायातला मोजा वर ओढत राहिली. वत्सलाबाई मात्र माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

संदेशला बहीण नाही, त्यामुळे जुईच्या बारशाला आत्याचा मान वत्सलाबाईंनीच घेतला होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, तिच्या कानात नाव मी सांगितलंय. कुर्र करून, चांगलं तोंड लावून सांगितलंय. ते तिला गेलंच नाही काय?"

नाही गेलं, मी म्हटलं. 

मग नेहमीचं वाक्य आलं, आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी बहिरं नाही. हे मला प्रत्येक घर सांगतं आणि ते खरंच असतं. मी विचारलं, नवरा-बायकोचं लग्नाआधीचं काही नातं आहे का? तर वत्सलाबाई अभिमानाने म्हणाल्या, सुप्रिया माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी हक्काची. भाऊ शहाडला, आपण मोहन्याला, लेकीसारखी सून घरात आली. शिवाय सगळं बघून केलं होतं. देवक वेगळं, कुळी वेगळी, पत्रिका उत्तम, रक्तगटसुद्धा वेगळा.

आपल्याकडे लग्नात केवढी तपासणी होते बघा. पण आपलं देवक आणि कुळी बापाकडून येते, म्हणून मामाची मुलगी नेहमीच वेगळ्या कुळीची निघते. वत्सलाबाई लग्न होऊन दुसऱ्या घरात गेल्या, त्यांचं देवक बदललं, आडनाव बदललं. त्यांच्या अंगात आई-वडिलांकडून जे आलं होतं ते कसं बदलणार? त्यातलं काही त्यांच्या मुलांत उतरलं, तेच त्यांच्या भावाकडून त्याच्या मुलींत उतरलं. आणि रक्तगटाचा तर या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून कारण पक्कं केलं आणि दहा मिनिटांत इंग्रजीत समजावूनही दिलं. मंडळी तिथून थेट माझ्याकडे आली, कारण काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी माझ्या पद्धतीने सांगितलं. आपल्या शरीरातल्या बहुतेक कामांच्या किल्ल्या दोन-दोन असतात. एक आईने दिलेली, एक बापाने. ऐकण्याच्या कुलपाचीही तशीच जोडी. त्यातली एक घासलेली असली तरी दुसरीने कुलूप उघडतं, माणसाला छान ऐकू येतं, जन्मभर त्याला पत्ता लागत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. संदेश वाहक, सुप्रियाही वाहक. दोघांचे कान तीक्ष्ण. पण मूल होताना दोघंही आपल्या जोडीतली एकेक किल्ली डोळे मिटून देतात. दोघांकडून चांगली आली तर प्रश्नच नाही. एक चांगली, एक घासलेली आली तर मूल आई-बापासारखंच, ऐकणारं पण वाहक. दोन्हीकडून घासलेली आली की कुलूप उघडत नाही. चारांत एकदा असं होऊ शकतं. यात कुणाचं पाप नाही, कुणी गरोदरपणात काही खाल्लेलं नाही, ग्रहणात भाजी चिरलेली नाही.

वत्सलाबाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे चारातली एक झाली, आता पुढची तिन्ही चांगली, असा त्यांनी हिशेब मांडला. हा हिशेब मी किती वेळा ऐकलाय! चांगले शिकलेले लोकही तोच मांडतात. मी म्हटलं, तसं नसतं हो. दर वेळी डाव नवा. दर वेळी चारांत एक. त्यांचा चेहरा परत उतरला आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

संदेश आणि सुप्रियाने पुढे दुसरं मूल होऊ दिलं नाही. तो त्यांचा विचार. पण त्या दिवशी मंडळी उठली, तरी प्रकाश आणि रेखा मागे रेंगाळले. प्रकाशने सगळ्यांसाठी खालून चहा आणला होता. रेखाचा कप देण्याआधी त्याने वरची साय बोटाने काढून टाकली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांचंही ठरलं होतं. धाकट्या मुलाला धाकटी भाची. दिवाळीनंतर सुपारी फुटायची होती. वत्सलाबाईंनी ठरवलं हे म्हणायला, खरं तर या दोघांचं शाळेपासून होतं आणि आत्याने फक्त ते ओळखलं होतं. प्रकाशने खाली बघत विचारलं, आमचंही असंच होईल का?

मी सांगितलं, आत्ता काहीच सांगता येत नाही. वाहकांची भावंडं असली म्हणून दोघंही वाहक असतीलच असं नाही. तुमच्यापैकी एकाच्या जरी दोन्ही किल्ल्या चांगल्या निघाल्या, तरी तुमच्या मुलांच्या कानांना या कारणाने काही होणार नाही. खुशाल लग्न करा. रक्त तपासून घ्या.

रक्त गेलं. निकालाला काही आठवडे लागणार होते. तोवर जुईला मशीन बसवून शिकवणं सुरू झालं होतं आणि तिला घेऊन रेखाच यायची. सुप्रियाच्या अंगातलं अवसान तेव्हा गेलेलं होतं. मुलांना शिकवायची आमची एक रीत आहे. मुलाच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स असे आवाज काढायचे आणि आवाज ऐकू आला की मुलाने डब्यात एक ठोकळा टाकायचा. जुई ढिम्म. रेखा म्हणायची, राहू दे मॅडम, पुन्हा करू. एकदा ठोकळे भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाली की देवाला मी फार काही मागत नाही, दोघांतलं एक जण चांगलं निघू दे, मी निघाले नाही तर तो निघू दे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. या कामात आपण कुणाच्या बाजूचे नसतो, असं म्हणतात. मी त्या पोरीच्या बाजूची होते, अगदी पुरती.

दोघंही वाहक निघाले.

माझ्याच दवाखान्यात बसून सगळं झालं. वत्सलाबाई, प्रकाश, रेखा आणि जमिनीवर चटईवर खेळणारी जुई. मी पुन्हा एकदा सगळे रस्ते सांगितले. लग्न करता येतं, मुलं होऊ दिली तर चारांत तीनदा मूल ऐकणारं असेल. गरोदरपणात तपासणी करता येते. मूल दत्तक घेता येतं. आणि ऐकू न येणारं मूल झालंच, तर लवकर हाती लागलं की ते बोलतं, शिकतं, त्याचं चांगलं होतं. डॉक्टरांनीही असंच सांगितलं होतं. निर्णय तुमचा, असं म्हणून मी थांबले.

वत्सलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, जुईचं रोज बघतेय मी. हाका मारून मारून माझ्या गळ्याला सूज येते आणि पोर बघत नाही. एका घरात दोन वेळा हे नाही झेपणार. मला त्यांचा राग आला नाही. जावे त्याच्या वंशा. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. आणि दोन भाच्यांना आपणच या आगीत ढकलतोय, असंही त्यांच्या मनाने घेतलं होतं.

रेखाने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तीनदा ऐकू येणार, असं म्हणालात ना?"

मी हो म्हटलं. तिने मान वळवून प्रकाशकडे बघितलं. प्रकाश चटईकडे बघत होता. जुईने त्याच्या बुटाची नाडी सोडली होती. तो खाली वाकला आणि ती नाडी बांधत बसला. त्याला फार वेळ लागला. मग वत्सलाबाईच म्हणाल्या, चला. आणि सगळे उठले.

पुढच्या वर्षी प्रकाशचं लग्न साताऱ्याकडच्या मुलीशी झालं. मुलगी चांगली आहे, त्यांचा मुलगा आता शाळेत जातो, सगळं ऐकतो आणि काहीच ऐकत नाही, जसा त्या वयाचा असतो. त्या लग्नात रेखाने अक्षता वाटल्या, पाहुण्यांना वाढलं, हे मला सुप्रियाने सांगितलं. सांगताना सुप्रियाच रडली. रेखाला नंतर स्थळं आली, तिने नाही म्हटलं. कल्याणला औषधांच्या दुकानात काउंटरला नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी जुईला घेऊन ठाण्याला येत राहिली. लग्न झालं असतं तर जुईची मावशी तिची काकूही झाली असती. ती मावशीच राहिली.

जुईचं ऑपरेशन झालं, कानाच्या आत यंत्र बसलं आणि हळूहळू पोर ऐकायला लागली. तिचा पहिला स्पष्ट शब्द होता 'नको'. माझ्या हातातला ठोकळा ढकलून म्हणाली, नको. रेखा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. दवाखाना बंद करून मला आता दोन वर्षं झाली. घरी सगळं ठीक आहे, नवरा आहे, झाडं आहेत. पण सकाळी दहा वाजले की माझे हात त्या ठोकळ्यांच्या डब्यासाठी शिवशिवतात. एखादं मूल मागे वळून न बघता, नुसत्या आवाजावर पहिला ठोकळा टाकतं, त्या क्षणासाठी माझा जीव अजून तुटतो. दुसरं काही नको वाटतं. ते एकदा परत हवं.

या वर्षी जुई बारावीला आहे. सायन्स घेतलंय. बोलते भरभर, आवाज थोडा एकसुरी, आणि मैत्रिणींसारखंच निम्मं हिंदी. मध्यंतरी एका रविवारी ती आणि रेखा माझ्या घरी आल्या. रेखाचे केस कानामागे पांढरे झालेत. पोहे झाले, चहा झाला. जुईने सांगितलं की कॉलेजमध्ये आनुवंशिकतेचा धडा झाला, सरांनी फळ्यावर चौकोन काढला, चार घरं केली, आणि तिसऱ्या बाकावर बसल्या बसल्या तिला कळलं की चौथ्या घरात आपण आहोत. सरांना कळलं नाही. तिने हात वर करून सांगितलं, सर, ती मी. वर्ग गार पडला, म्हणाली. ती हे सांगताना हसत होती, मलाही हसू आलं.

मग तिने कप खाली ठेवला.

"मॅडम, काका आणि मावशी दोघं कॅरिअर आहेत ना? आजी बोलली मला."

मी म्हटलं, हो, दोघं वाहक. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

"आणि त्यांचं लग्न ठरलेलं."

मी रेखाकडे बघितलं. ती खिडकीपाशी उभी होती, माझ्या कुंड्या बघत. मी परत हो म्हटलं.

"म्हणजे माझ्यासारखी आणखी एक येईल म्हणून नाही केलं."

मी उभ्या आयुष्यात शेकडो घरांना किल्ल्या आणि कुलूप समजावून सांगितलंय. समोर आई-बाप असायचे, आजी असायची. चौथ्या घरातल्या माणसाने मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. सांगायला माझ्याकडे बरंच होतं, की आजी घाबरली होती, की तो काळ वेगळा, की तू तेव्हा एक अक्षर बोलत नव्हतीस. मुलगी माझ्याकडे बघत थांबली होती.

खिडकीपाशी रेखा काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं. जुईला आलं नाही, रस्त्यावर रिक्षा उभी होती आणि मावशीची पाठ तिच्याकडे होती.

"काय? इकडे बघून बोल ना."

रेखा वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. सावकाश म्हणाली, "मला चालली असती गं. तुझ्यासारखीच हवी होती मला."

जुई उठून तिच्यापाशी गेली आणि तिचा हात धरला.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तो बोलेल," रेखा म्हणाली.